बोनेट उघडायचं नाही

सबनीसांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दुधाच्या बंद बाटलीचा वास घेत होते. शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या इमारतीखाली एक छोटं किराणा दुकान आहे, तिथल्या काउंटरपाशी उभे राहून ते झाकणाभोवती नाक फिरवत होते आणि केरळी दुकानदार हताशपणे बघत होता.

"आज का है, साब. डेट देखो ना."

"डेट छपी हुई है. कौन कहता है आज का है?"

मी त्या इमारतीत आदल्याच दिवशी राहायला आलो होतो. मराठी वळणाचं हिंदी ऐकून बरं वाटलं आणि उगाचच मध्ये तोंड घातलं. म्हणालो, "अहो, ताजंच असतं इथलं." ते वळले. उंच, काटकुळे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाशेजारी एक छोटी टॉर्च. मला त्यांनी चपलांपासून चष्म्यापर्यंत नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "कोण म्हणतं?"

पुढची अकरा वर्षं हे दोन शब्द मी रोज ऐकले. आठवडाभरात मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात डिस्पॅचला रुजू झालो, तर तिथल्या क्वालिटीच्या खोलीत हेच गृहस्थ बाटल्यांची झाकणं भिंगाखाली धरून बसलेले. आम्ही झाकणं बनवायचो, पाण्याच्या बाटल्यांची, औषधाच्या बाटल्यांची. ती नीट बसतात की नाही हे ठरवणं सबनीसांचं काम. या कामासाठी याहून योग्य माणूस आखाती देशांत सापडला नसता. सप्लायर म्हणाला माल एकदम फर्स्ट क्लास आहे, की हे म्हणणार, कोण म्हणतं? मॅनेजर म्हणाला कस्टमर खूश आहे, की हे म्हणणार, कोण म्हणतं? आमच्या मंडळाच्या गणपतीत मोदक वाटायला आलेल्या बाईंनी "घरचेच आहेत हं" असं म्हटलं, तेव्हाही मी शेजारी उभा होतो आणि जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं होतं.

लोक त्यांना संशयात्मा म्हणायचे. मीही म्हणायचो. पण बऱ्याच दिवसांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्या प्रश्नाला त्यांना खरोखरच उत्तर हवं असायचं. "सगळेच म्हणतात" हे त्यांना चालायचं नाही. "कंपनी म्हणते", "डब्यावर लिहिलंय", "असं ऐकलंय" हेही नाही. त्यांना एक माणूस हवा असायचा, नाव असलेला, समोर उभा राहून "मी म्हणतो" असं म्हणणारा. असा माणूस मिळाला की ते शांत व्हायचे. मिळायचा मात्र क्वचित.

या स्वभावाचा त्रास दुसऱ्यांना झाला तेवढाच त्यांनाही झाला. एकदा त्यांनी झाकणांचा अख्खा लॉट अडवून धरला, कारण झाकणांना चंदनाचा वास येत होता. खाली ट्रक उभा, मॅनेजर लालबुंद, मी डिस्पॅचचा म्हणून सगळ्यांच्या शिव्या मला. दुपारी जेवताना सबनीसांनी घास तोंडाशी नेला आणि तिथेच थांबले. घासालाही चंदनाचा वास होता. त्यांच्या मुलीने घरात नवीन साबण आणला होता. दुसऱ्या कुणी असतं तर गपचूप लॉट सोडून दिला असता. सबनीसांनी स्वतःच्या नावावर चूक नोंदवली. आमच्या फॉर्मवर तीन रकाने असत. ते इंग्रजीत भरायचे आणि घरी एका वहीत तेच मराठीत उतरवून काढायचे, ही त्यांची सवय. त्या दिवशीचं पान त्यांनी मला दाखवलं होतं. निरीक्षण: झाकणांना वास. कारण: निरीक्षकाचे हात. निष्कर्ष: निरीक्षकाने साबण बदलावा.

हा माणूस मला आवडायला लागला तो त्या पानापासून.

सबनीसांकडे एक पांढरी, जुनी जपानी व्हॅन होती, बाजूला सरकत्या दरवाजाची. त्यात ते आम्हा दोघांना रोज कामावर न्यायचे, मला आणि आमच्या डिझाइन विभागातल्या नाडकर्णीला. पहिले तीन महिने मी स्टाफ बसने जात होतो. नंतर समजलं की त्या तीन महिन्यांत ते मला पारखत होते. एका सकाळी लिफ्टमध्ये म्हणाले, "उद्यापासून या व्हॅनमधून. तुम्ही लिफ्टचं बटण एकदाच दाबता." हे बहुधा प्रशस्तिपत्रक होतं.

रोज सकाळी निघण्याआधी एक सोहळा असायचा. बोनेट उघडायचं, तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, जुन्या बनियनच्या चौकोनी तुकड्याला पुसायची, परत घालायची, परत काढायची, उजेडात धरायची. मग त्या फडक्यावर बॉलपेनने तारीख, आणि फडकं प्लास्टिकच्या पिशवीत. घरात अशी फडकी खोक्यांनी होती. तेलाचा रंग कसा बदलत जातो ते त्यावरून कळतं म्हणे. नाडकर्णी विचारायचा, "सबनीस, ही गाडीची पत्रिका का?" सबनीस थंडपणे म्हणायचे, "पत्रिका कोणीही करतं. हा रिपोर्ट आहे."

रिपोर्टवरून आठवलं. त्यांची मुलगी ईशा नऊ वर्षांची असताना वहिनी गेल्या. मी तेव्हा इथे नव्हतो. सबनीस त्याबद्दल एकदाच बोलले, तेही गाडी चालवता चालवता, रस्त्यावरची नजर न काढता. "रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं होतं. खाली सही कोणाची, ते मी बघितलंच नाही." एवढंच. मी पुढे काही विचारलं नाही, आणि त्यानंतर दुधाच्या बाटलीवरून त्यांची टिंगल करणंही सोडून दिलं.

वंदना, माझी बायको, दर गुरुवारी त्यांच्याकडे डबा पाठवायची. आमटी, भरली वांगी, कधी पुरणपोळ्या. सबनीस दारातच झाकण उघडून हुंगायचे, यात काय काय आहे ते विचारायचे आणि मगच आत न्यायचे. वंदनाला आधी राग यायचा, पुढे गंमत वाटायला लागली. शनिवारी डबा परत यायचा, घासून लख्ख, आणि कधीच रिकामा नाही. खजूर, लिंबं, ओल्या नारळाचा तुकडा. एकदा नुसतीच एक रबरी रिंग आली. आमच्या डब्याचं झाकण सैल झालं होतं, ते त्यांनी मोजून रिंग शोधून आणली होती. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. सबनीस ते जरा जास्तच मनावर घेत.

आणि नेमकं तेच मी त्यांच्या व्हॅनच्या बाबतीत पाळायला गेलो.

माझे आईवडील सांगलीहून आले होते. आईचे गुडघे दुखतात, माझ्या छोट्या गाडीत तिला बसता येईना. सबनीसांनी आपणहून किल्ली पुढे केली. "अल ऐनला घेऊन जा शनिवारी. उंच सीट आहे, आईंना बरं पडेल." मी थक्क झालो. ही गाडी त्यांनी कोणाला हात लावायला दिली नव्हती. किल्ली माझ्या हातात ठेवताना म्हणाले, "एकच गोष्ट. बोनेट उघडायचं नाही. आणि कोणाला उघडू द्यायचं नाही."

दिवस फार छान गेला. आई इतकी खुशीत होती की परत येताना मला वाटलं, या माणसाचे आपल्यावर किती उपकार. पेट्रोलचे पैसे तर ते कधीच घेत नाहीत. पंपावर टाकी भरून घेतली. शेजारी तेल बदलून देणारा विभाग होता. बाबा पुढच्या सीटवरून म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू आहे, भरून दे हो." माझ्या डोक्यात आलं, टाकी कोणीही भरतं, आपण जरा विशेष करू. सबनीसांना कळणारही नाही आणि गाडीचं भलं होईल. बोनेटचा नियम आठवला, निदान त्याचा पहिला अर्धा. पण उघडणार तो पंपावरचा माणूस, मी थोडाच उघडणार होतो!

"कौनसा ऑइल डालूँ, सर?" त्याने विचारलं.

"सबसे अच्छा वाला," मी म्हणालो.

त्याने सगळ्यात महागाचं तेल घातलं. जुनं काढून, नवीन, डब्यावर सोनेरी अक्षरं असलेलं. मी समाधानाने बाबांकडे बघितलं.

संध्याकाळी गाडी परत दिली तेव्हा सबनीस खाली पार्किंगमध्ये उभेच होते. पेट्रोलचा काटा बघून म्हणाले, "टाकी कशाला भरलीत?"

"रिकामा डबा कसा परत द्यायचा, सबनीस!"

ते किंचित हसले. मग गाडीला एक फेरी मारली, टायर बघितले, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बोनेट?"

"छे छे, हात नाही लावला."

हे वाक्य इतकं पटकन माझ्या तोंडून बाहेर पडलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार शब्द ऐकले असते. पण आई-बाबा शेजारी उभे, दिवस इतका चांगला गेलेला, आणि नियम मोडल्याचं कबूल करायचं त्यांच्यासमोर. शिवाय चांगलंच केलं होतं ना मी! सोमवारी व्हॅनमध्ये त्यांनी परत विचारलं, "शनिवारी गाडीने काही त्रास दिला?" मी म्हणालो, "एकदम मस्त चालली." ते म्हणाले, "बरं." सबनीसांच्या तोंडी हा शब्द नवीन होता. तरी मला काही वाटलं नाही.

तो आठवडा त्यांच्या घरात धावपळीचा होता. ईशाला फुजैराला पहिली नोकरी लागली होती, एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून. येत्या शनिवारी ती निघणार होती, आणि व्हॅन घेऊन जाणार होती. नवीन गाडी घेऊन देण्याची त्यांची ऐपत नव्हती असं नाही. पण त्यांचं म्हणणं, नवीन गाडीबद्दल कंपनी सांगेल तेवढंच आपल्याला कळणार. या व्हॅनचं त्यांना सगळं माहीत होतं. डोंगरातल्या रस्त्याने एकटी पोरगी जाणार, ती त्यांना माहीत असलेल्या गाडीनेच जाणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मंगळवारी सकाळी शारजाहून दुबईत शिरताना नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबला होता. गाडी जागेवर उभी, एसी सुरू. अचानक समोर तेलाच्या चंबूचं लाल चिन्ह लुकलुकलं. गेलं. परत आलं. सबनीसांनी पुढच्या क्षणी इंडिकेटर देऊन गाडी कडेच्या पट्टीवर घेतली आणि इंजिन बंद केलं.

"अहो, गेला की दिवा," नाडकर्णी म्हणाला. "चला ना, यल्ला, उशीर होतोय."

"गेला कोण म्हणतं? ऑइलचं प्रेशर कमी झालं की हा दिवा लागतो. तसंच दामटलं तर पाच मिनिटांत इंजिन खलास."

दहा मिनिटं थांबून त्यांनी तेलाची पट्टी काढली. तेल बरोबर खुणेपर्यंत होतं. खाली वाकून टॉर्चने बघितलं, थेंबभर गळती नव्हती. बंद गाडी ओढून नेणारी रिकव्हरीची गाडी बोलावली आणि आम्हाला टॅक्सीत बसवून दिलं. टॅक्सीतून मागे बघितलं तर सबनीस पट्टी पुसलेलं फडकं दोन्ही हातांत ताणून उन्हात धरून उभे होते.

व्हॅन गेली रशीदभाईंकडे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज, मूळचे पेशावरचे, दाढी पांढरी, बोलणं कमी. सबनीस पंधरा वर्षं त्यांच्याकडेच जात होते, आणि त्यांच्यातला एक संवाद आम्हाला पाठ होता. रशीदभाई म्हणायचे, "कल हो जाएगा, इन्शाल्ला." सबनीस म्हणायचे, "टाइम बताओ." त्यावर रशीदभाई, "टाइम भी बताऊँगा, इन्शाल्ला भी बोलूँगा." आणि दोघंही हसायचे. याच रशीदभाईंनी तीन आठवड्यांपूर्वी व्हॅनचं तेल बदललं होतं.

सबनीसांचा संशय आधी दिव्यावर गेला. "दिवा म्हणतो प्रेशर कमी. दिव्याला कोण सांगतं? सेन्सर. मग सेन्सर खोटं बोलत असेल." बुधवारी नवीन सेन्सर बसवला. दिवा परत लागला. मग त्यांनी नवीन सेन्सरवर संशय घेतला, डुप्लिकेट माल असेल म्हणून दुसऱ्या दुकानातून दुसरा आणला. तरी दिवा लागला. मग वायर तपासली, मीटर तपासला. रशीदभाई म्हणाले, आता तेलाचा पंप किंवा आतली बेअरिंग, इंजिन खोलावं लागेल. इंजिन खोललं तर शनिवारी गाडी मिळणं शक्य नव्हतं.

ईशा म्हणाली, "बाबा, आय कॅन रेंट अ कार. इट्स जस्ट अ लाइट."

"भाड्याच्या गाडीचं कोणाला काय माहीत असतं?" एवढंच बोलून ते सेन्सरचं खोकं पुन्हा वाचायला लागले. तीन दिवसांत त्यांचे डोळे खोल गेले होते.

गुरुवारी टॅक्सीत नाडकर्णी म्हणाला, "मी सांगतो, रशीदनेच गंडवलंय. जुनं तेल परत भरलं असणार. हे सबनीस जगावर संशय घेतात आणि हबीबी, दोस्त म्हणून याच्यावर डोळे मिटून विश्वास." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असेल बुवा."

हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. कारण तोवर मला शंका यायला लागली होती. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर शोधून पाहिलं आणि पाच मिनिटांत कळलं. जुन्या, झिजलेल्या इंजिनाला जाड तेल लागतं. नव्या गाड्यांसाठी जे महागडं तेल येतं ते पाण्यासारखं पातळ असतं. जुन्या इंजिनात ते गरम झालं, आणि गाडी सिग्नलला नुसती उभी राहिली, की प्रेशर धरत नाही. सगळ्यात चांगलं तेल मी सबनीसांच्या गाडीत घातलं होतं, आणि तेच चुकीचं होतं.

उद्या सांगायचं, असं मी ठरवलं. शुक्रवारी अर्धा दिवस असतो. दुपारच्या नमाजानंतर गॅरेज उघडलं तेव्हा मी सबनीसांबरोबर होतो. वाटेत तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा हवेबद्दल बोललो.

रशीदभाईंनी सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर मोजणारा नळीचा मोठा गेज लावला, घड्याळासारख्या काट्याचा. इंजिन सुरू केलं. थंड असताना काटा चांगला वर गेला. मग आम्ही तिघंही त्या काट्याकडे बघत बसलो. इंजिन तापत गेलं, काटा उतरत गेला. शेडमध्ये पंखा घरघरत होता आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. काटा अगदी खाली आला तेव्हा दिवा खोटं बोलत नव्हता हे नक्की झालं. सबनीसांनी डोळे मिटले. मला वाटतं, दिव्याने खोटं बोलावं अशी त्यांची फार इच्छा होती.

रशीदभाईंनी इंजिन बंद केलं. पट्टी काढून तेलाचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळला. परत चोळला. मग सावकाश वर बघितलं.

"साब, ये तेल मेरा नहीं है."

"कौन कहता है?"

"मैं कहता हूँ."

सबनीसांनी टॉर्च परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "ठीक है. निकाल दो. अपना वाला डालो."

"लेकिन साब, डाला किसने? पंद्रह साल में आपकी गाड़ी को किसी ने..." रशीदभाईंचा आवाज दुखावलेला होता. आपल्या नावावर कोणीतरी काहीतरी केलं आहे, हे त्यांना कळत होतं.

"आप पे शक नहीं है, रशीदभाई," सबनीस म्हणाले. "बस, निकाल दो."

हाच तो क्षण होता. मी तोंड उघडलं. दोघांनीही माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "चहा आणू का सगळ्यांना?"

सबनीस म्हणाले, "आणा."

मी चहा आणायला गेलो. रस्ता ओलांडताना स्वतःला शिव्या घालत होतो. परत आलो तोवर पातळ तेल खालच्या ट्रेमध्ये उतरत होतं. नवीन फिल्टर बसला, त्यांचं नेहमीचं जाड तेल गेलं, इंजिन पुन्हा तापवलं. काटा उतरला, पण मध्यावर येऊन ठाम राहिला. अर्धा तास ते तसंच चालू ठेवलं. सबनीसांनी चहा घेतला, न हुंगता, हे मी पाहिलं.

शनिवारी ईशा निघाली. संपूर्ण इमारतीला ऐकू जाईल एवढ्या सूचना त्यांनी तिला दिल्या आणि ती प्रत्येकीला "येस बाबा" म्हणत राहिली. व्हॅन कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते उभे होते. त्यानंतर आम्ही तिघंही स्टाफ बसने जाऊ लागलो.

तेलाचा विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही. रशीदभाईंकडे जाणं चालूच राहिलं, त्यामुळे मी स्वतःची समजूत घातली की कोणाचं काही नुकसान झालं नाही. महिन्याभराने आईबाबांना विमानतळावर सोडायचं होतं. ईशा सुट्टीसाठी आली होती. सबनीसांनी स्वतः येऊन व्हॅनची किल्ली दिली. मी बोनेटच्या नियमाची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी नियम सांगितलाच नाही. नुसतं "सावकाश जा" म्हणाले. ते मला फार लागलं. विश्वास होता म्हणून सांगितलं नाही की उपयोग नाही म्हणून, ते कळेना, आणि विचारायला तोंड नव्हतं.

तीन वर्षं गेली. सबनीस निवृत्त झाले आणि कायमचे पुण्याला निघाले. शेवटचे आठ दिवस वंदनाने रोज डबा पाठवला. निघण्याच्या दिवशी दुपारी ईशा त्यांना विमानतळावर न्यायला आली, त्याच व्हॅनने. गाडी वीस वर्षांची झाली होती आणि इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं. सबनीसांनी सामानाचे पट्टे ओढून पाहिले, कुलपं ओढून पाहिली, ईशाने लावलेला हँडब्रेकही एकदा बघून घेतला. मग माझ्या हातात शेवटचा डबा दिला. "वहिनींचा. राहिला होता." निरोप घेताना ते काही विशेष बोलले नाहीत. मीही नाही. सरकता दरवाजा ओढला गेला.

वर येऊन मी ओट्यावर डबा उघडला. वर खजूर होते. खजुरांखाली प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत बनियनचा पांढरा चौकोनी तुकडा. मला वाटलं चुकून आला. मग त्यावरची तारीख वाचली. अल ऐनहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची, रविवारची तारीख. फडकं जवळजवळ स्वच्छ होतं, मध्यभागी मधाच्या रंगाची एक पुसट रेघ. तीन आठवडे जुनं तेल असं दिसत नाही, हे आता मलाही माहीत होतं. खाली बॉलपेनने, त्यांच्या बारीक अक्षरात, तीन ओळी होत्या.

निरीक्षण: तेल नवीन.

कारण: रिकामा डबा परत द्यायचा नाही.

निष्कर्ष: सांगतील.

मी खुर्चीत बसलो. म्हणजे दिवा लागण्याच्या दोन दिवस आधीपासून त्यांना ठाऊक होतं. तेल बदललंय हे ठाऊक होतं, कोणी बदललं ते ठाऊक होतं, आणि मी तोंडावर खोटं बोललो हेही. तरीही तो अख्खा आठवडा त्यांनी दिव्यावर संशय घेतला, सेन्सरवर घेतला, दुकानदारावर घेतला, वायरवर घेतला. स्वतःच्या मुलीची काळजी पोटात असताना एकेक गोष्ट तपासत राहिले, कारण शेवटी जी एकच गोष्ट उरणार होती तिच्यावर त्यांना संशय घ्यायचा नव्हता. आयुष्यात या माणसाने पुराव्याशिवाय एकच निष्कर्ष लिहिला होता, आणि मी तो तीन वर्षं खोटा ठरवत आलो होतो.

मी बाल्कनीत धावलो. इमारतीला वळसा घालून व्हॅन खाडीच्या बाजूच्या सिग्नलला उभी होती, डावा इंडिकेटर लुकलुकत. फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"सबनीस, ते तेल मी बदललं होतं."

 पलीकडून इंजिनाची संथ घरघर ऐकू आली, आणि शेजारून ईशाचं, "बाबा, हू इज इट?"

मग सबनीसांनी विचारलं, "कोण म्हणतं?"

 मी म्हणालो, "मी म्हणतो."

"बरं," सबनीस म्हणाले. "खजूर धुऊन खा."

सिग्नल हिरवा झाला आणि व्हॅन डावीकडे वळली.